बोटं मोजणारा पाहुणा

मी सातवीत असताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चारचौघांत जेवणं सोडलं.

सणसवाडीत एका लहानशा प्रेसशॉपमध्ये ते ऑपरेटर होते. पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतो आणि पत्र्याची वाटी होते. बटणं दोन अशासाठी, की दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे आत एकही राहत नाही. पण दोन बटणांनी माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरनं एक बटण तारेनं बांधून ठेवलं होतं. सगळ्याच मशीनचं तसं होतं. एका दुपारी दादांच्या उजव्या हाताची चार बोटं डायखाली राहिली. अंगठा तेवढा वाचला.

मग ते डाव्या हातानं जेवायला लागले. आता डाव्या हातानं जेवणाऱ्या माणसानं पंगतीला कसं बसायचं? लग्न असो, बारसं असो, चर्चचं प्रीतिभोजन असो, दादा बाहेर चपलांपाशी उभे राहायचे. घरी आले की मागच्या पडवीत भिंतीकडं तोंड करून जेवायचे. आई कधी काही बोलली तर म्हणायचे, "माझीच चूक हाय. तार बांधल्याली मला दिसत न्हवती व्हय? मीच हात घातला."

आई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची, सुट्टीच्या दिवशी मीही. दादांना वर्षभर कुणी कामावर घेतलं नाही, मग एका गोडाउनवर राखणीला ठेवलं. त्यातनं मी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. झाले. आईकडून आणि दादांकडून, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी चारदा सांगते, लोक कंटाळले तरी सांगते.

म्हातारा मला भेटला तो नोकरीच्या पहिल्या वर्षी. शिक्रापूरच्या पुढं हायवेला मोठा कारखाना. तिथं पोलंडमधून नव्या प्रेस आल्या होत्या आणि त्या बसवायला, शिकवायला हा माणूस त्यांच्याबरोबर दोन वर्षांसाठी आला होता. साठीच्या पुढचा, उंच, वाकलेला, कानांत पांढरे केस. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकंच, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. मला त्याची दुभाषी केलं. मी वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर होते, जानेवारीत कायम करणार होते. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा तो पहिलाच पगार होता.

शिफ्ट सुटताना तो गेटपाशी उभा राहायचा आणि प्रत्येकाला दोन्ही हात पुढं करायला लावायचा. बोटं मोजायचा. मोजून झाली की म्हणायचा, "दहा." मराठीत तो एवढा एकच शब्द शिकला होता आणि तो त्यानं आमच्या शिपायाकडून घोकून घेतला होता. पोरं हसायची. दौंडचा एक फिटर होता, तोंडाचा फटकळ, तो रोज हात पुढं करून म्हणायचा, "साहेब, अकरावं उगवलं की तुम्हालाच पहिलं दाखवतो." मी ते भाषांतर करून सांगितलं. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "त्याला सांग, मी थांबेन."

त्याच्या कमरेला एक लाल कुलूप असायचं आणि गळ्यात दोरीला त्याची चावी. प्रत्येक फिटरला त्यानं तसंच एकेक दिलं होतं. मशीनच्या आत हात घालायचा असला की आधी मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, चावी गळ्यात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्या कुणी नाही, मालकानंही नाही. "मशीन वाईट नसतं," तो म्हणायचा, "फक्त त्याला तू दिसत नाहीस." कुलपांचं रजिस्टर माझ्याकडं होतं. कुणी कधी लावलं, कधी काढलं, सगळं मी लिहायची.

कुलपाचं वेड इतकं, की एकदा कॅन्टीनचा आचारी चालू मिक्सरमध्ये उलथनं घालताना त्याला दिसला. म्हाताऱ्यानं प्लग काढून एका डबीत घातला, डबीला स्वतःचं कुलूप लावलं आणि निघून गेला. अख्ख्या शिफ्टला त्या दिवशी इडली चटणीशिवाय खावी लागली. आचारी मला म्हणाला, "तुमच्या साहेबाला सांगा, माझं लग्न बी व्हायचंय, त्यालाही कुलूप घाल म्हणावं."

आणखी एक. तो डावखुरा होता आणि चमचा वापरायचा नाही. इथं सगळे हातानं जेवतात तर मीही हातानं, असं म्हणायचा आणि डाव्या हातानं भात कालवायचा. पोरं तोंड फिरवायची, त्याच्या टेबलावर कुणी बसायचं नाही. त्याला कारण माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मी त्याच्या समोर बसायची, खाली ताटात बघत. मला पडवी आठवायची.

दिवाळीनंतर प्रॉडक्शन मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्याच भागातला, बोलायला गोड माणूस. टेबलावर त्यानं चाव्यांचे दोन जुडगे ठेवले. एका रविवारी, सुट्टीला फिटर कुलपं स्टोअरमध्ये ठेवून गेले होते तेव्हा, ती शिरूरला नेऊन, बाजारात छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याकडून त्यानं सगळ्यांच्या दोन-दोन चाव्या पाडून आणल्या होत्या.

"एक माझ्याकडं, एक तुमच्या ड्रॉवरला," तो म्हणाला. "फिटर कुलूप लावून जेवायला जातो आणि लाईन तासभर बंद. असं कुठं असतं का ताई? म्हातारा दोन वर्षांचा पाहुणा. प्लांट आपल्याला चालवायचाय."

"सरांना माहीत आहे का?"

"त्यांना कशाला त्रास द्यायचा? जानेवारीत तुमचं कन्फर्मेशन हाय ना? सही माझीच लागते." असं म्हणून तो हसला, आणि मीही हसले. जुडगा मी घेतला. तो ड्रॉवरमध्ये महिनाभर होता. रजिस्टर काढताना रोज वाजायचा.

डिसेंबरात म्हातारा गप्प गप्प झाला. त्याची बायको वारली होती, मूल नव्हतं, एक बहीण होती. सणाला जायला सुट्टी नव्हती, कारण तिसरी प्रेस बसायची होती. कळलं तेव्हा मी त्याला म्हणाले, "नाताळाला आमच्याकडं या. आम्ही ख्रिस्ती आहोत. शिरूरला, जुन्या मिशनच्या मागं." त्यानं वहीत पत्ता लिहून घेतला. किती वाजता, हे विचारलं नाही. मला वाटलं विसरेल.

तो चोवीस तारखेला आला.

आमचा नाताळ पंचवीसला. चोवीसला घरात फराळाची धांदल. आई चुलीपुढं करंज्या तळत होती, माझे हात पिठाचे. मटण उद्या आणायचं होतं. संध्याकाळी शेजारच्या काकू सांगत आल्या, "अगं, एक गोरा म्हातारा तुमच्या दारात उभा ऱ्हाऊन वर आभाळात बघतोय. टायबिय लावलाय. त्याला काय झालंय?"

मी बाहेर पळाले. कोट, टाय, हातात एक पाकीट. म्हणाले, "सर, आत या." तर म्हणाला, "अजून नाही." त्याच्याकडं सण चोवीसच्या संध्याकाळी असतो, आणि पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. लहान मुलं दारात उभी राहून चांदणी शोधतात. घरात मूल नसेल तर म्हाताऱ्यांनी शोधायची.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं. दाराच्या कडीला कागदाची चांदणी टांगलेली होती, आत बल्ब होता. आईनं बटण दाबलं. म्हणाली, "ही बघा उगवली. या आता आत. थंडी पडलीय."

म्हातारा त्या कागदी चांदणीकडं बराच वेळ बघत राहिला. मग डोकं वाकवून आत आला.

आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आता काय वाढू गं? पिठलं-भाकर हाय नुसती. सायबाला पिठलं वाढायचं? कोंबडी आणू का कुणाकडनं?" मी जाऊन विचारलं तर कळलं की त्या संध्याकाळी त्यांच्याकडं मटण-कोंबडी चालतच नाही. आईनं वर बघून हात जोडले. "देवाला काळजी," म्हणाली.

दादा तोवर पडवीत जाऊन बसले होते, उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून.

आईनं तीन ताटं मांडली. त्याचं, माझं, तिचं. म्हाताऱ्यानं ताटं मोजली, ती त्याची सवयच, आणि मला म्हणाला, "अजून एक पाहिजे." मी विचारलं, कुणासाठी? "जो आलेला नाही त्याच्यासाठी. त्या रात्री एक ताट जास्तीचं मांडतात. कुणीही येऊ शकतं. कुणी आलं नाही तर ते तसंच राहतं."

मी आईला सांगितलं. आईनं पडवीकडं बघितलं. मग तिनं चौथं ताट घेतलं, पुसलं, मांडलं आणि सरळ पडवीत गेली. तिचा आवाज मला ऐकू आला.

"उठा. त्यानं तुमचं ताट मांडायला लावलंय."

"काय बी बोलू नको. पाव्हण्यासमोर मी कसा जेवू?"

"त्यो बी डावऱ्या हातानंच जेवतो. पोरगी सांगत असती. उठा म्हणते ना."

दादा आले. म्हाताऱ्यानं उठून सलाम केला आणि त्याचे हात सवयीनं पुढं झाले, तळवे वर, जसं गेटवर करायचा तसं. दादांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी टॉवेल सोडला आणि दोन्ही हात पुढं केले.

म्हाताऱ्यानं मोजली. त्याच्याकडं 'सहा'ला मराठी शब्द नव्हता. दादांचा उजवा हात त्यानं तसाच धरून ठेवला. मग मला म्हणाला, "विचार, कुठली प्रेस."

मी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडं करत होते. दादांनी बटणाचं सांगितलं, तारेचं सांगितलं आणि शेवटी नेहमीचं सांगितलं. "चूक माझीच."

"तार कुणी बांधली?"

"सुपरवायझरनं. पर मला दिसत व्हती ना."

म्हाताऱ्यानं मान हलवली. हळू, एकेक शब्द सुटा करत बोलला, मला नीट सांगता यावं म्हणून. "हात आत गेला, कारण हात आत जाऊ शकत होता. जाऊ शकत असेल तर कधी ना कधी कुणाचा तरी जातोच. तुझा गेला. चूक तुझी नाही. चूक तार बांधणाऱ्याची. आणि ज्यांना ती दिसली आणि जे गप्प बसले, त्यांची."

मला हे दादांना मराठीत सांगायचं होतं. मी सांगितलं, पण शेवटचं वाक्य गाळलं. ड्रॉवरमधला जुडगा मला तिथं, आमच्या घरात, वाजल्यासारखा ऐकू आला.

दादांनी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. समोर म्हाताऱ्यानंही डाव्या हातानं मोडला. आईनं पिठलं वाढलं. तिसरी भाकरी मागून घेतली म्हाताऱ्यानं, आणि दादांनीही.

जेवणाआधी आम्ही प्रार्थना केलीच होती, पण त्याच्या पाकिटातलं जेवणानंतर निघालं. त्यांच्याकडं ते जेवणाआधी असतं, क्रम आमच्यामुळं चुकला होता. चर्चमध्ये वाटतात त्या प्रभुभोजनाच्या भाकरीसारखी पातळ, पांढरी, कागदाएवढी हलकी पोळी होती. वर गव्हाणीतल्या बाळ येशूचं चित्र उठवलेलं. बहिणीनं पोस्टानं पाठवली होती. त्या पोळीचं त्यांच्या भाषेतलं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. एकानं दुसऱ्यापुढं धरायची, दुसऱ्यानं कोपरा मोडून खायचा आणि त्याचं भलं चिंतायचं. दादांनी अंगठा आणि तळव्यात धरून मोडली. आई म्हणाली, "ह्याला नीट घरी पोचव रे देवा."

माझ्यापुढं धरून तो म्हणाला, "तुला कधी दुसऱ्याचं कुलूप उघडावं लागू नये."

त्याला माहीत नव्हतं. अजिबात नव्हतं. तो प्रत्येक फिटरलाही हेच म्हणाला असता. मी मान खाली घालून तो तुकडा खाल्ला. त्याला कसलीच चव नव्हती.

त्या वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जानेवारी एका हप्त्यावर होता.

सत्तावीस तारखेला दौंडचा फिटर कुलूप लावून कुठंतरी गेला आणि दोन नंबरची लाईन थांबली. मॅनेजरचा फोन आला, "ताई, उघडा ते." मी जुडगा घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, "मी नाही उघडणार. हा तुमचा तुम्ही ठेवा." तो गोडच बोलला. "ठीक हाय ताई. तुमची मर्जी." फिटर दहा मिनिटांत परत आला, लाईन चालू झाली. जानेवारीत माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते संपलं.

मी माझ्यापुरती चांगली वागले, एवढंच. दोन्ही जुडगे आता मॅनेजरकडं होते आणि हे फक्त मला माहीत होतं. म्हाताऱ्याची दोन वर्षं भरली आणि तो फेब्रुवारीत परत गेला. जाण्याआधी घरी आला, नोकरी का सोडलीस म्हणून विचारलं. मी म्हणाले, कॉन्ट्रॅक्ट संपलं. त्यानं माझी बोटं मोजली. "दहा." दादांचा हात धरून थोडा वेळ बसला आणि गेला.

पावसाळ्यात दौंडच्या फिटरचा हात प्रेसमध्ये सापडला. तो आत वाकून डाय साफ करत होता, बाहेर स्विचवर त्याचं लाल कुलूप होतं, चावी त्याच्या गळ्यात होती. बाहेरून कुणाला तो दिसला नाही आणि कुणीतरी दुसऱ्या चावीनं कुलूप काढून प्रेस चालू केली.

न्हावऱ्याला एसटी बदलून मी दौंडला त्याच्या घरी गेले. रेल्वे लाईनीच्या कडेला दोन खोल्या. तो खाटेवर बसला होता, डावा हात पांढऱ्या पट्टीत. मला बघून म्हणाला, "ताई, अकरावं राहूद्या आता. सातच राहिली." आणि हसला. त्याची बायको आत चहा करत होती, ती नाही हसली. मी चाव्यांचं त्याला तिथंच सांगितलं. तो पट्टीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सायबाला तवाच सांगायचं व्हतं." तेवढंच. चहा मी घेतला. तो घोटाघोटानं संपवायला फार वेळ लागला.

म्हाताऱ्याला कुणीतरी कळवलं असणार. आठवड्यानं मला त्याचा मेल आला. एकच ओळ. "चाव्या किती होत्या?"

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "दोन जुडगे. मला माहीत होतं. नोव्हेंबरपासून."

त्यावर त्याचं काही आलं नाही. पुढं चार महिने काही नाही. मी तेव्हा पुण्यात औद्योगिक सुरक्षेच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं. शिरूरहून पहाटेच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. गाडीत मी रोज त्या मेलचं दुसरं उत्तर मनात लिहायची. एकही पाठवण्याजोगं नव्हतं.

डिसेंबरात पोस्टमननं पाकीट आणलं. परदेशी तिकिटं, पत्र नाही, चिठ्ठी नाही. आत ती पांढरी पोळी, आणि तिचा एक कोपरा मोडलेला. वाटेत मोडला असेल म्हणून मी पाकीट झटकून बघितलं. तुकडा नव्हता, चुराही नव्हता. कोपरा त्यानं तिकडं मोडून खाल्ला होता आणि राहिलेली आमच्यापुढं धरली होती.

आईनं चांदणीचा बल्ब लावला. ताटं चार मांडली. दादांनी अंगठ्यानं आपला तुकडा मोडला, आईनं मोडला. मला मोडायला वेळ लागला, तेव्हा दादा म्हणाले, "घे. त्यानं धाडलीय ना? मग घे." त्यातला एक तुकडा मी दौंडला नेऊन दिला. फिटरनं विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यानं कपाळाला लावून खाल्ला.

असं पाकीट आणखी दोन वर्षं आलं. मग यायचं थांबलं. मेल केला, उत्तर नाही. बहिणीचा पत्ता माझ्याकडं नाही. काय झालं असेल ते मला कळतं, पण खात्रीनं सांगणारं कुणी नाही. म्हणून आम्ही चोवीसला चौथं ताट अजून मांडतो. दादा घरच्यांत आता आपल्याच ताटावर बसतात, तेव्हा चौथं रिकामं राहतं. चर्चच्या प्रीतिभोजनातही बसतात. डाव्या हातानं जेवतात, आणि कुणी बघितलं तर बघू देतात.

मी दौंडच्या बाजूला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. स्टोअरमध्ये लाल कुलपं द्यायला तो फिटर बसतो. एका कुलपाला एकच चावी, ती हरवली तर कुलूप कापायचं, दुसरी पाडायची नाही. शिफ्ट सुटताना मी गेटवर उभी राहते आणि हात पुढं करायला लावते. पोरं हसतात. तो फिटर सगळ्यात शेवटी येतो, मी सात मोजते आणि रजिस्टर बंद करते.

मी आल्यापासून आमच्या शॉपमध्ये कुणाचंही बोट गेलेलं नाही.